वहीची दोन पानं आणि बाबांचा आराखडा

प्रश्न: माझी मुलगी बारावी विज्ञानला आहे. तिला गोरिलांच्या प्रजननात करिअर करायचं आहे. आम्ही ठरवलं आहे की ‘नीट’ परीक्षा देऊन पशुवैद्यक, मग परदेशात पदव्युत्तर, आणि तिशीपर्यंत एखाद्या मोठ्या प्राणिसंग्रहालयात गोरिला प्रजनन विभागाची प्रमुख. अकरावीला 74 टक्केच पडले, कारण रोज तासभर थेट कॅमेऱ्यावर गोरिला बघत वहीत काहीबाही लिहीत बसते. नमुन्यादाखल दोन पानांची झेरॉक्स जोडली आहे. इंजेक्शनची सुई बघवत नाही म्हणते, पण ते सवयीने जाईल. गोरिलांमध्ये जसा सिल्व्हरबॅकचा, म्हणजे गटातल्या मोठ्या नराचा, शब्द अंतिम असतो तसंच आमच्या घरात आहे, त्यामुळे तिला वळण लावणं अवघड नाही. फक्त दिशा बरोबर आहे ना, तेवढं सांगा. – एक पालक

उत्तर: दिशेचं नंतर बघू. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मी त्या झेरॉक्सपाशीच अडकले.

पोरगी वेळ कसा वाया घालवते याचा पुरावा म्हणून तुम्ही ती पानं पाठवलीत. समासात दर पाच मिनिटांनी वेळ टाकलेली आहे. पुढे प्रत्येक गोरिलाचं तिने ठेवलेलं नाव – मोठा, आजी, कानतुटकी, नवी – आणि त्या क्षणी तो काय करतोय ते. ‘11.40: मोठा झोपलेला, पिल्लू त्याच्या पायाशी. 11.45: आजी साल सोलून खातेय, कानतुटकी बघतेय. 11.50: नवी गवताचा भारा घेऊन भिंतीकडे सरकली, कुणी काही केलं नाही. 11.55: नवी दिसत नाही?’ एवढंच. ‘रुसली’ नाही, ‘घाबरली’ नाही, ‘बिचारी’ नाही. ठरावीक अंतराने सगळ्या गटावर नजर फिरवायची आणि दिसेल तेवढंच लिहायचं, याला प्राणिवर्तनाच्या अभ्यासात स्कॅन सॅम्पलिंग म्हणतात. पदवीच्या मुलांना हे शिकवताना घाम फुटतो, कारण प्रत्येकाला प्राण्याच्या मनातलं लिहायचं असतं. हिला कुणी शिकवलेलं दिसत नाही. तुम्हाला मुलगी गोरिलांच्या कामात हवी आहे आणि तिने गोरिला बघितलेले मात्र चालत नाहीत, हे मला काही केल्या जुळवता येत नाही.

तुमच्या पत्रात ‘आम्ही ठरवलं’ आहे, ‘तिला वळण लावणं’ आहे. तिचं स्वतःचं म्हणून एकच वाक्य आहे, सुई बघवत नाही हे, आणि तेही तुम्ही पुढच्या चार शब्दांत खोडून टाकलंत.

बरं, सिल्व्हरबॅकचा दाखला तुम्हीच काढलात म्हणून सांगते. बारा-तेरा वर्षांचा झाल्यावर पाठीवर रुपेरी केस आलेला हा नर गटाचा आधार असतो, खरं आहे. पण त्याचा दिवस हुकूम सोडण्यात जात नाही. माद्यांची जुंपली तर मधे पडायचं, धोका दिसला की पिल्लांपुढे उभं राहायचं, बाकी वेळ खायचं आणि लोळायचं. मीलनासाठी पुढाकारसुद्धा बऱ्याचदा मादीच घेते. आणि मुख्य म्हणजे, मुलगी आठेक वर्षांची झाली की बापाचा गट सोडून दुसऱ्या गटात किंवा एखाद्या एकट्या नराकडे निघून जाते. जंगलात ती आपल्या पायांनी जाते. प्राणिसंग्रहालयात ती वयात आली की तिला पिंजऱ्यात घालून ट्रकने, विमानाने दुसरीकडे पाठवावं लागतं, कारण ती तिथेच राहिली तर बापापासूनच पिल्लू व्हायचं. तेव्हा घरात हा दाखला पुन्हा देणार असाल तर पूर्ण द्या.

आता एक गैरसमज, जो तुमच्या एकट्याचा नाही: प्रजनन म्हणजे जोड्या लावायच्या आणि पिल्लं वाढवायची. कधीकाळी तसं होतं. 22 डिसेंबर 1956 ला अमेरिकेतल्या कोलंबस शहराच्या प्राणिसंग्रहालयात कोलो जन्मली, माणसाच्या ताब्यात जन्मलेली जगातली पहिली गोरिला, तेव्हा एकेक जन्म म्हणजे मोठी बातमी असे. आज प्रश्न उलटा आहे. जन्मणाऱ्या पिल्लांत निम्मे नर असतात, आणि एका कुटुंबाला चार माद्यांमागे मोठा नर लागतो एकच. उरलेले कुठे ठेवायचे? जंगलात ते एकटे हिंडतात. इथे हिंडायला जंगल नाही. म्हणून नुसत्या नरांचे गट करतात, इंग्लंडमध्ये पेइंग्टनला किंवा स्पेनच्या तेनेरिफ बेटावरच्या लोरो पार्कमध्ये केले तसे. 2021 मध्ये जर्मनीहून म्हैसूरला गोरिला आले तेही दोघे नरच. असे गट लहानपणापासून एकत्र वाढले तर बरे चालतात; पाठी रुपेरी व्हायला लागल्या की कुरबुरी सुरू होतात, आणि गोरिलाच्या सुळ्यांची कुरबुर टाके घालायला लावते. काहींना शेवटी वेगळं ठेवावं लागतं. युरोपात काही लहान नरांची नसबंदी नव्हे, खच्चीकरणच करून बघितलं, ते आईच्या गटात राहू शकतील या आशेने. माद्यांना तर बायका घेतात त्याच गर्भनिरोधक गोळ्या देतात. म्हणजे तुम्ही ज्याला ‘प्रजनन विभाग’ म्हणता, तिथला निम्मा विचार जन्म कसा होऊ द्यायचा नाही याचा असतो. ‘तगडा नर आणला की झालं’ हेही विसरा. नवा नर आधीच्या नराची तान्ही पिल्लं मारू शकतो. मादी तीन-चार वर्षं पाजते आणि साधारण चार वर्षांतून एकदा विते. एक पिल्लू गेलं म्हणजे काय गेलं, याचा हिशेब करा.

तशी प्रमुखाची खुर्ची वगैरेही नसते. कोणी कुणाबरोबर राहायचं हे त्या त्या प्रदेशाच्या संवर्धन कार्यक्रमाचा समन्वयक आणि त्याची समिती सुचवते. कोणाचं कोणाशी किती रक्त जुळतं, हे वंशावळीच्या नोंदीवरून काढतात. गोरिलांची आंतरराष्ट्रीय नोंदवही फ्रँकफर्टला ठेवली जाते. हे काम करणारी माणसं बहुतेक करून आपली रोजची नोकरी सांभाळून ते करतात. जगभरात अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या. तिशीची मुदत घालून त्या मिळत नाहीत.

पशुवैद्यकाबद्दल: नीट द्यायची, पाच-साडेपाच वर्षांची पदवी घ्यायची, हा मार्ग सगळ्यांना ठाऊक आहे. उत्तम पेशा आहे, पण गट सांभाळणं हे त्या डॉक्टरचं काम नव्हे. उलट गोरिलांना सगळ्या कर्मचाऱ्यांत न आवडणारा माणूस तोच असतो, कारण तो भुलीची सुई घेऊन येतो. ज्या मुलीला सुई बघवत नाही तिला त्या रांगेत उभं करू नका.

गट सांभाळतात ते रखवालदार. हा शब्द ऐकून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. पडू द्या. विष्ठा काढणं, भाजीपाला चिरणं, शंभर कुलपं दोनदा तपासणं, सर्दी झाली की आपण होऊन लांब राहणं (माणसाची सर्दी गोरिलाला बाधते, जानेवारी 2021 मध्ये सॅन डिएगोच्या सफारी पार्कमधल्या गोरिलांना कोविडही झाला), पगार बेताचा. आणि त्याच हातांनी होणारी ही कामं बघा. बंदिवासातले मोठे नर हृदयविकाराने फार जातात. भूल न देता सोनोग्राफी करायची तर दीड-दोनशे किलोच्या त्या नराने स्वतःहून जाळीला छाती टेकवून उभं राहायला हवं. ते त्याला कोणी शिकवलेलं असतं? रखवालदाराने, एकेक द्राक्ष देत, महिनोन्महिने. 2013 मध्ये ग्लॅडिस नावाच्या पिल्लाला आईने जवळ घेतलं नाही, तेव्हा अमेरिकेतल्या सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयाच्या रखवालदारांनी केसाळ जाकीट आणि गुडघ्यांना पट्टे घालून, तिला पोटा-पाठीला बिलगू देत, चार पायांवर फिरत दिवस काढले. जाळीपलीकडे मोठ्या माद्या दिसत होत्या. पुढे त्यांच्यातल्याच एकीने तिला घेतलं. नवी मादी गटात आणायची तरी आधी जाळीआडून दर्शन, मग बोटं लागू द्यायची, मग एखाद्या दिवशी दार. ते दार कधी उघडायचं, हे 11.50 आणि 11.55 च्या नोंदी करणाऱ्या माणसालाच कळतं.

म्हणून माझा सल्ला तुमच्या आराखड्याच्या बाहेरचा आहे. प्राणिशास्त्र घेऊ द्या, जोडीला संख्याशास्त्र. संख्याशास्त्र मी हट्टाने सांगते. वंशावळीचं गणित आणि अशा वह्यांतून काही निष्पन्न काढणं, दोन्ही त्यावरच चालतं. आणि गोरिलांची वाट बघत बसायची गरज नाही. वानरांच्या टोळ्या बघायला मिळतील तर तिथे बसू द्या तिला. एक नर, अनेक माद्या, बाहेर नुसत्या नरांची टोळी: घडण ओळखीचीच आहे. नवा हुप्प्या आला की पिल्लांवर काय संकट येतं, हे युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाने 1960 च्या दशकात धारवाडच्या जंगलात बसूनच टिपलं. पुढेमागे ती गोरिलांकडे गेली तर जाईल, वानरांपाशीच रमली तर रमेल. पाचव्या वर्षी तिला खारफुटीतले खेकडे आवडायला लागले, तरी मला पत्र पाठवू नका.

तेव्हा टक्क्यांचं काय, असं विचाराल. 74 पुरतात.

हा शेवटचा भाग तिला वाचायला द्या, आणि मधे बसू नका.

बाळ, तू प्रश्नचिन्ह टाकलंस ते फार बरं केलंस. बाकीचे लोक तिथे ‘आत गेली’ असं ठोकून देतात. एकच सुचवते: कोण कोणापासून किती हातांवर बसलंय, त्याचाही एक रकाना कर. नव्या मादीचं गटात जमतंय की नाही, हे आधी तिथे दिसतं. आणि बाबांनी दोनच पानं झेरॉक्स केली आहेत. 12.00 ला नवी दिसली का?