गूगलच्या खटल्यावर एकच निकाल, मग पेपरात दोन मथळे कसे?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या गूगलच्या मक्तेदारीच्या खटल्याचा निकाल एका ठिकाणी 'दणका' आणि दुसरीकडे 'दिलासा' कसा, आणि खोटं कोण बोलतंय?

मी बेळगावातल्या शहापूरचा. घरी दोन पेपर येतात, एक मराठी, एक कन्नड. 2 नोव्हेंबरला दोन्ही शेजारी ठेवून बघावेत. 1 नोव्हेंबर हा कर्नाटकचा स्थापना दिन, आणि इथले मराठी भाषक तो निषेध म्हणून 'काळा दिन' पाळतात. मराठीत पहिल्या पानावर काळ्या दिनाची सायकल फेरी, दंडाला काळ्या फिती. कन्नडमध्ये चन्नम्मा चौकात राज्योत्सवाची, म्हणजे स्थापना दिनाच्या सोहळ्याची, लाल-पिवळी गर्दी. गाव तेच, तारीख तीच, फोटो दोन्ही खरे. दुसऱ्या बाजूची बातमी आत कुठेतरी, बोटभर. त्यामुळे 'खोटं छापलंय का' हे आम्ही फारसं विचारतच नाही. आत काय ढकललंय ते आधी शोधतो.

गूगलचंही तसंच. 2 सप्टेंबर 2025 ला अमेरिकेतले न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलला त्याचा क्रोम ब्राउझर विकायला लावला नाही. शेअर उसळला, बाजारवाल्यांनी 'दिलासा' लिहिलं. पण 'फक्त आमचंच सर्च ठेवा' अशा करारांना बंदी आली, काही माहिती स्पर्धकांना द्या असा आदेश झाला, म्हणून 'दणका'ही खरा. आपलं सर्च आधीपासून लावून ठेवावं म्हणून फोन आणि ब्राउझरवाल्यांना पैसे देणं मात्र बंद झालं नाही. 2021 या एका वर्षात गूगलने त्यासाठी 26.3 अब्ज डॉलर मोजले होते. मला विचाराल तर मथळा याचा व्हायला हवा होता.

आता खरी गोम. भारतात गूगलविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे (मक्तेदारीला आळा घालणारी सरकारी संस्था) गेलेल्यांत डिजिटल बातम्या देणाऱ्या प्रकाशकांची संघटनाही आहे. जानेवारी 2022 मध्ये आयोगाने चौकशी लावली. म्हणजे बातमी देणारा घरचाच फिर्यादी. आणि जाहिरातींचे पैसेही गूगलकडूनच येतात, त्यामुळे राग आहे आणि धाकही. 'आम्हीही तक्रारदारांत आहोत' अशी ओळ बातमीखाली मला तरी क्वचितच दिसली.

पेपरवाल्यांनी स्वतःचा भाग झाकून ठेवणं नवीन नाही. अमेरिकेतच मायक्रोसॉफ्टच्या मक्तेदारीच्या खटल्यात न्यायाधीश जॅक्सन पत्रकारांशी आतून बोलत होते, अट एकच, निकालाआधी छापायचं नाही. पत्रकारांनी अट पाळली. 2001 मध्ये वरच्या कोर्टाने जॅक्सनना त्या प्रकरणातून बाजूला केलं. गप्प बसलेल्या पत्रकारांना कुणी काही विचारलं नाही.