वेअरवुल्फमधला 'वेअर' म्हणजे नक्की काय?

प्रश्न: वेअरवुल्फ म्हणजे लांडगा होणारा माणूस हे माहितीये, वुल्फ पण कळतं, पण पुढचा 'वेअर' कुठला? कपडे घालतो तो वेअर का, म्हणजे लांडग्याचं कातडं अंगावर घेतलेला वगैरे? लेकीने विचारलं आणि मला सांगता येईना.

उत्तर: नाही हो, कपड्यांशी काही संबंध नाही. हा जुन्या इंग्रजीतला 'वेर', अर्थ पुरुष. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये मॅन म्हणजे कुठलाही माणूस, बाई असो की बाप्या, आणि खास पुरुष म्हणायचं तर वेर, बाईला वीफ, ज्याची पुढे वाइफ झाली आणि वीफला मॅन जोडून वुमन. मग हळूहळू मॅननेच पुरुषाची जागा घेतली आणि वेर एकटा बोलण्यातून गेला.

आता गंमत म्हणजे आपला वीर आणि हा वेर सख्खे भाऊबंद आहेत, लॅटिनमधला विर पण त्याच घरातला, त्यावरूनच फ्रेंचमार्गे इंग्रजीत व्हर्च्यू आला. पण इंग्रजांनी संस्कृतातून शब्द उचलला असं कुणी फॉरवर्ड केलं तर प्लीज पुढे पाठवू नका, कुणी कुणाचं घेतलेलं नाही, या सगळ्या भाषांची मूळची आई एक, तिच्याकडून प्रत्येकीला वारशात मिळालाय.

वेअरवुल्फ हा शब्द लिखित सापडतो तो अकराव्या शतकाच्या सुरुवातीला, इंग्लंडचा राजा कनूटच्या कायद्यांत, आणि तिथे पौर्णिमेला लांडगा होणारा कुणी नाहीये, तर बिशप आणि पाद्री हे मेंढपाळ, त्यांनी कळप सांभाळावा, नाहीतर हा पिसाळलेला वेअरवुल्फ, म्हणजे सैतान, कळप फाडून खाईल असं बजावलंय.

मला स्वतःला मात्र 'वेरगिल्ड' जास्त महत्त्वाचा वाटतो. गिल्ड म्हणजे भरपाई, तर वेरगिल्ड म्हणजे माणसाच्या जिवाची किंमत. खून झाला की मारणाऱ्याकडच्यांनी मेलेल्याच्या घरच्यांना ती मोजायची, म्हणजे सूडावर सूड थांबतो. जुन्या इंग्लंडमधल्या वेसेक्सच्या राज्यात साध्या शेतकऱ्याचे 200 शिलिंग आणि सरदाराचे 1200, म्हणजे एका सरदाराच्या जिवात सहा शेतकरी, आणि हे सरळ कायद्यात लिहिलेलं! त्या समाजाची उतरंड एका शब्दात दिसते, वाचताना खरंच पोटात कालवतं.

आणि लेकीला हे नक्की सांगा, वर्ल्डमध्ये पण हाच वेर लपलाय. वेर अधिक वय किंवा काळ या अर्थाचा शब्द, म्हणजे माणसाचा काळ, माणसाचं आयुष्य. आधी त्याचा अर्थ आपल्या इहलोकासारखा होता, मेल्यानंतरचं जग ते वेगळं, आणि नंतर तोच शब्द सगळ्या पृथ्वीला लागला.

वेअरहाऊस आणि सॉफ्टवेअरमधला वेअर मात्र यातला नाही हं, तो म्हणजे माल, विकायच्या वस्तू.