आवर्तसारणीत मूलद्रव्यांचा क्रम अणुअंकाने (अणूतील प्रोटॉनांच्या संख्येने) ठरतो, मग सारख्या गुणधर्मांची मूलद्रव्ये एकाच गणात (उभ्या स्तंभात) कशी येतात?

हा प्रश्न सोलापुरात दहावीच्या वर्गाला विज्ञान शिकवताना माझ्यासमोर नेहमी येतो. उत्तर आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्ह या रशियन शास्त्रज्ञापासून सुरू करणे मला योग्य वाटते, कारण त्याच्या काळी अणुअंक ही संकल्पनाच नव्हती.

१८६९ मध्ये ज्ञात असलेली ६३ मूलद्रव्ये त्याने अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने लावली. तथापि एखाद्या मूलद्रव्याची ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्याशी कोणती संयुगे होतात, याला त्याने अधिक महत्त्व दिले. टेल्युरिअम आयोडीनपेक्षा जड असूनही त्याने ते आधी ठेवले, कारण आयोडीनचे रासायनिक वर्तन क्लोरीन आणि ब्रोमीन यांच्याशी जुळते. टेल्युरिअमचे वस्तुमान मोजण्यात चूक झाली असावी, असे त्याचे मत होते. चूक झालेली नव्हती. आजही ती वस्तुमाने अनुक्रमे १२७.६ आणि १२६.९ अशीच आहेत. १९१३ मध्ये हेन्री मोजले या शास्त्रज्ञाने क्ष-किरणांच्या अभ्यासातून अणुअंक हा खरा आधार असल्याचे दाखवले, तेव्हा टेल्युरिअमचा ५२ आणि आयोडीनचा ५३ हा क्रम आपोआप बरोबर ठरला.

आता मूळ कारण. अणुअंक एकाने वाढला की इलेक्ट्रॉनही एकाने वाढतो, आणि केंद्रकाभोवतीची इलेक्ट्रॉनांची कवचे क्रमाने भरत गेल्यामुळे बाह्यतम कवचातील इलेक्ट्रॉनांची संख्या ठरावीक अंतराने पुन्हा तीच येते. लिथिअम (२, १), सोडिअम (२, ८, १) आणि पोटॅशिअम (२, ८, ८, १) यांच्या बाह्यतम कवचात प्रत्येकी एकच इलेक्ट्रॉन आहे, म्हणूनच तिन्ही धातू पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रोजन मुक्त करतात. मॅग्नेशिअम आणि कॅल्शिअम यांच्याकडे असे दोन इलेक्ट्रॉन असतात. आमच्याकडे बोअरवेलच्या जड (दुष्फेन) पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्याला या दोन्ही धातूंचे क्षार कारणीभूत आहेत, आणि धुण्याचा सोडा टाकला की दोन्ही कार्बोनेटच्या रूपात खाली बसतात. एकाच गणातील नात्याचा इतका सोपा पुरावा दुसरा मला माहीत नाही.

हेलिअमचा अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. त्याच्याकडे दोनच इलेक्ट्रॉन आहेत, त्यामुळे केवळ संख्या पाहिली तर त्याची जागा दुसऱ्या गणात, बेरिलिअमच्या वर ठरली असती. परंतु त्याचे एकमेव कवच दोन इलेक्ट्रॉनांतच पूर्ण भरते आणि तो निऑनप्रमाणेच निष्क्रिय राहतो. म्हणून त्याला अठराव्या गणात ठेवले आहे.