वाचकांचे प्रश्न : लूपमधला पत्ता

प्रश्न : आमचा गो भाषेतला कोड सहा-सात वर्षं जुना आहे. मागच्या महिन्यात एका अहवालात सगळ्या ओळींवर एकाच ग्राहकाचं नाव छापून आलं. शोधलं तेव्हा लूपमध्ये &ग्राहक लिहून तो पॉइंटर (व्हेरिएबलचा पत्ता) स्लाइसमध्ये (गोमधल्या यादीत) भरलेला सापडला. ती जागा दुरुस्त केली, पण असे आणखी किती दडलेत या विचाराने चैन नाही. गो व्हेट (गोसोबत येणारं कोड तपासणारं साधन) काहीच दाखवत नाही. स्टॅटिक अ‍ॅनालिसिसने (कोड न चालवता तपासून) हे सगळे बग पकडता येतात का? की गोच्या १.२२ या आवृत्तीवर गेलं की विषय संपतो?

उत्तर : आधी गो व्हेटचं. त्यातली 'लूपक्लोजर' ही तपासणी मुद्दाम अगदी जपून बोलणारी ठेवली आहे. लूपमधलं शेवटचं विधान 'गो' (काम समांतर सुरू करणारं) किंवा 'डिफर' (काम फंक्शनच्या शेवटी ढकलणारं) असेल आणि त्यातल्या क्लोजरने (तिथेच लिहिलेल्या बिननावाच्या फंक्शनने) लूपचं व्हेरिएबल वापरलं असेल, तरच ती बोलते. शिवाय एररग्रुप (समांतर कामांचा गट सांभाळणारं पॅकेज) आणि समांतर सबटेस्ट तिला ओळखता येतात. स्लाइसमध्ये भरलेला &ग्राहक हा तिचा विषयच नाही. त्यामुळे व्हेट गप्प आहे म्हणून कोड निर्दोष आहे असं मानू नका.

बगचं मूळ तुम्हाला कळलंच आहे. १.२२ च्या आधी सगळ्या लूपला मिळून एकच व्हेरिएबल असायचं, दर फेरीला त्यात फक्त नवी किंमत पडायची. हजार फेऱ्या, पत्ता एक. तो पत्ता साठवला की शेवटी प्रत्येक पॉइंटर शेवटच्याच नोंदीकडे बघतो.

हे पकडणारी साधनं आहेत, पण त्यांचे स्वभाव वेगळे. 'लूपपॉइंटर' हा लिंटर (कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवणारं साधन) लूपच्या व्हेरिएबलचा पत्ता घेतलेला दिसला की बोट दाखवतो. 'एक्स्पोर्टलूपरेफ' त्याचंच शांत भावंड : पत्ता लूपबाहेर साठवला जाताना डोळ्यांसमोर दिसला तरच बोलतो. गोसेक या सुरक्षा तपासणाऱ्या साधनातला जी६०१ हा नियमही याच जातीचा. रोजच्या कामात शांत लिंटर सगळ्यांना आवडतो, पण तुमच्यासारखा जुना कोड एकदा पूर्ण चाळायचा असेल तर मी बोलका लिंटरच घेईन. पत्ता दुसऱ्या फंक्शनला दिला आणि त्या फंक्शनने तो ठेवून घेतला, तर शांत लिंटरला ते कळत नाही, आणि नुकसान तिथेच होतं.

हे कल्पनेतलं नाही. २०२० मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेत नेमकं हेच झालं. एका मॅपवर (किल्ली आणि किंमत यांच्या जोड्यांवर) लूप होता. लिहिणाऱ्याला धोका माहीत होता : किल्लीची वेगळी प्रत काढलेली होती, तसं सांगणारी टिप्पणीही होती. पण किमतीचा पत्ता थेट एका फंक्शनला दिला होता आणि त्या फंक्शनने तिच्या आतल्या फील्डचे पत्ते निकालात ठेवले. परिणामी ज्या विनंतीत अनेक डोमेन पुन्हा तपासायची होती, तिथे एकच डोमेन तितक्या वेळा तपासलं गेलं. ३० लाखांहून अधिक प्रमाणपत्रं त्यात सापडली. जाणत्या माणसाच्या हातून, टिप्पणी लिहिलेल्या ओळीच्या शेजारीच हे घडलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 'आम्ही काळजी घेतो' एवढ्यावर हा बग थांबत नाही.

मी स्वतः आमच्या कोडसाठी एक छोटा अ‍ॅनालायझर लिहिला होता. गोच्या अ‍ॅनालिसिस पॅकेजमुळे काम सोपं होतं : वाक्यरचनेच्या झाडात रेंजचं विधान (यादी किंवा मॅपवर फिरणारा लूप) शोधायचं, त्यात := ने जन्मलेली व्हेरिएबल टिपून ठेवायची, मग लूपच्या अंगात जिथे & दिसेल तिथे तो त्यांच्यापैकीच कुणाचा किंवा त्यांच्या फील्डचा आहे का हे बघायचं. तुलना नावाने करू नका, टाइप्स पॅकेज देतं त्या ऑब्जेक्टने करा. आतल्या ब्लॉकमध्ये त्याच नावाचं दुसरं व्हेरिएबल असू शकतं. माझी पहिली आवृत्ती एका दुपारी तयार झाली आणि तिने खरा बग चुकवला. आमच्या नोंदीत हॅश हा ३२ बाइटचा अ‍ॅरे होता आणि कोडमध्ये नोंद.हॅश[:] असं लिहून ती स्लाइस यादीत टाकलेली होती. अ‍ॅरेची स्लाइस काढणं म्हणजे त्याचा पत्ता घेणंच, पण ओळीत & कुठेच नाही. पॉइंटर रिसीव्हर असलेल्या (म्हणजे मूळ व्हेरिएबलच्या पत्त्यावर चालणाऱ्या) मेथडला हाक मारली तरी असाच गुपचूप पत्ता घेतला जातो. या दोन जागा धरल्यावर मग माझा विश्वास बसला.

इशारे बरेच येतील. प्रत्येकापाशी एकच विचारा : ही फेरी संपल्यावर हा पत्ता कुणाजवळ उरतो का? एन्कोडरला (नोंदीचे बाइट बनवणाऱ्या कोडला) पॉइंटर दिला आणि त्याने लगेच बाइट लिहून टाकले, तर उरत नाही. &नोंद परत करून फंक्शनच संपलं, तरी धोका नाही, कारण पुढची फेरीच नाही. स्लाइस, मॅप, चॅनेल, स्ट्रक्टचं फील्ड, गोरुटीन (समांतर चालणारं काम) यांत गेला, तर उरतो. अनोळखी फंक्शनला दिला असेल तर ते फंक्शन उघडून वाचा. इथे कंटाळा करू नका, आणि इशारा बंद करणारी टिप्पणी वाचण्याआधी टाकू नका.

या कामात कंपायलरची चांगली मदत होते. जीसीफ्लॅग्जमधून (कंपायलरला पर्याय देण्याच्या सोयीतून) लूपव्हार=२ हा डीबग पर्याय दिला की नव्या नियमाने ज्यांचा अर्थ बदलतो ते लूप तो ओळीसकट दाखवतो, आणि व्हेरिएबल हीपवर (फंक्शन संपल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत) जातं की स्टॅकवर राहतं तेही सांगतो. हीपवाल्या ओळी आधी वाचा. कंपायलरचं एस्केप अ‍ॅनालिसिस (पत्ता बाहेर निसटतो का याची तपासणी) हाक मारलेल्या फंक्शनच्या आतही डोकावतं, त्यामुळे लेट्स एन्क्रिप्टसारखी जागा तिथे दिसते.

आता १.२२. फेब्रुवारी २०२४ मधल्या या आवृत्तीपासून दर फेरीला नवं व्हेरिएबल मिळतं. पण नुसता नवा कंपायलर बसवून भागत नाही, गो.मॉड या मॉड्यूलच्या फाइलमधली 'गो' ही ओळ १.२२ किंवा पुढची हवी, नाहीतर जुनाच अर्थ चालू राहतो. ती ओळ बदलल्यावर काही टेस्ट पडतील. समांतर सबटेस्टमध्ये इतके दिवस फक्त शेवटचीच केस धावत असेल, तर बाकीच्या केस आता पहिल्यांदाच धावतील. घाबरून ओळ मागे नेऊ नका. कुठल्या लूपमुळे टेस्ट पडली हे 'बायसेक्ट' साधन शोधून देतं.

आणि विषय पूर्ण संपत नाही. व्हेरिएबल लूपच्या बाहेर जाहीर करून रेंजमध्ये := ऐवजी = लिहिलं असेल, तर १.२२ मध्येही ते एकच राहतं. बाहेर ठेवलेला बफर प्रत्येक फेरीत वापरून त्याचा पत्ता साठवला, तरी तेच. म्हणून असा अ‍ॅनालायझर तुम्ही लिहिलात तर त्याला लूपबाहेर जन्मून आत बदलणारी व्हेरिएबलंही शिकवा आणि तो सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) कायम ठेवा.

प्रश्न : टेस्टमध्ये आम्ही सगळीकडे 'केस१ := केस१' अशी लूपच्या व्हेरिएबलची प्रत काढतो. आता त्या ओळी काढू का?

उत्तर : गो.मॉडमध्ये १.२२ असेल तर काढा. 'कॉपीलूपव्हार' हा लिंटर त्या शोधून देतो. मॉड्यूलमध्ये अजून जुनी आवृत्ती लिहिलेली असेल तर एकही ओळ हलवू नका.