गुऱ्हाळाचा पहिला हंगाम: आज काय थांबवायचं, हळूहळू काय

चिरंजीवास आशीर्वाद.

यंदा निपाणीजवळचं गुऱ्हाळ तू हाती घेतोयस. ‘शंभर टक्के शुद्ध गूळ करीन, नाहीतर धंदा सोडीन’ असं लिहिलंस. तळमळ कळते, पण ही शपथ सोड. अशी शपथ घेतलेल्याचं पहिलंच आदण, म्हणजे काहिलीत (रस शिजवायच्या मोठ्या कढईत) एका वेळी शिजणारा घाणा, काळं उतरलं की तो हायड्रॉसचा, म्हणजे गुळाचा रंग उजळवणाऱ्या रासायनिक पावडरीचा, डबा उघडतो, आणि मग ‘मोडलीच आहे’ म्हणून मुठीमुठीने टाकत सुटतो.

सरळ फसवणूक आधी बाजूला काढ. रसात साखर मिसळून गूळ म्हणून विकणं ही एक. आपल्याकडे शिजलेल्या गुळाच्या खोक्यावर ‘कोल्हापुरी’ छापणं ही दुसरी. त्या गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती पलीकडच्या शेतकऱ्याची कमाई आहे. हे दोन्ही आजच बंद. खोक्यावर ‘निपाणी, जि. बेळगाव’ लिही. भाव थोडा पडेल, पडू दे.

हायड्रॉसचं तसं नाही. पिवळाधमक गूळ मागणारा व्यापारी आणि शिळा ऊस, दोघे मिळून ते टाकायला लावतात. ते शून्यावर आणायचंच, पण त्याला हंगाम लागेल. हायड्रॉसमुळे गुळात सल्फर डायऑक्साइड राहतो, आणि तो 70 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 70 भागांच्या) वर चालत नाही. मुठीने टाकणाऱ्याला आपण कुठे आहोत हे कळतच नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून वजनकाटा. आदणागणिक किती ग्रॅम गेलं ते वहीत मांड, आणि नमुना तपासून घे. मर्यादेबाहेरचा माल विकायचा नाही.

रंग बराचसा रानातच ठरतो. चोपण (खारवट) जमिनीतला किंवा बांधणीनंतरही, म्हणजे बुडख्याला मातीची भर दिल्यावरही, युरिया दिलेला ऊस गूळ काळपट करतो. तोडलेला ऊस 24 तासांत चरकात जाऊ दे. पडून राहिला की साखर फुटते, गूळ मऊ पडतो, ढेप धरत नाही. रस तापू लागला की भेंडीचा चिकट रस घाल आणि उकळी फुटण्याआधी मळी, म्हणजे वर येणारा गाळ, काढ. इथेच घाई नडते: मळी रसात मिसळली की रंग जातो, आणि गुळव्याचा (गूळ शिजवणाऱ्या कारागिराचा) हात हायड्रॉसच्या डब्याकडे जातो. चुन्याची निवळी बेतानेच घाल, जास्त झाली तरी गूळ काळवंडतो. 118 अंश सेल्सिअसच्या आसपास काहील उतरव.

रोजचं एक आदण बिनहायड्रॉसचं कर. तो तांबूस गूळ वेगळा ठेव. व्यापाऱ्याला त्याचं कारण सांग, उरलेल्या मालात काय आहे तेही सांग. एखादं आदण फसलं तर कारण वहीत लिही, आणि उद्याचं एक आदण पुन्हा तसंच कर. उरलेल्यांतलं माप आठवड्यागणिक उतरव.

गुळव्याची मजुरी मात्र आदणावर ठरव, रंगावर नको. रंगासाठी त्याला बोलणी बसली तर तू पाठ फिरवताच तो मूठ टाकेल, आणि वहीतले आकडे खोटे पडतील. पहिल्या आठवड्याची वही पाठव, पाहून कळवतो.