कपाळात मुंग्या येतात, चक्र उघडलं काय?

प्रश्न : ताई, जय भीम. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यावर राहतो, तीन एकर कपाशी अन् विहिरीवर हरभरा. मागच्या वर्षी नागपूरजवळ विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं, लय बरं वाटलं. मग मोबाईलवर चक्रांचे व्हिडिओ पाहाले लागलो. आता रात्री बाराच्या लाईनवर ओलीत करून पहाटे चारले ध्यानाले बसतो तं दोन भुवयांच्या मधात मुंग्या येतात, कपाळ जड होते. मित्र म्हणते आज्ञाचक्र उघडून राहिलं, सात खड्यांची माळ घे, सहाशे रुपयाची. बायको म्हणते झोप कमी पडून राहिली. बुद्धांनी चक्र सांगितले काय?

उत्तर : दादा, जय भीम. पहिलेच सांगून टाकते, मी वहिनीच्या पार्टीत आहे.

आता मुंग्यांचं. शिबिरात पहिले साडेतीन दिवस काय केलं आठवा, नाकाच्या दाराशी नुसता श्वास पाहायचा, अन् चौथ्या दिवशी विपश्यना मिळाली की डोक्यापासून पायापर्यंत मन फिरवायचं, जे सापडलं ते पाहायचं अन् पुढं सरकायचं. तिथं कपाळातल्या मुंग्या अन् गुडघ्याची कळ, दोघींना भाव सारखाच (कापसाच्या बाजारात असं कधी होईल तर बरं). आपण एकीला धरून ठेवतो अन् दुसरीला हाकलतो, ती आपली खोड दिसणं हेच तर तिथं शिकायचं असतं. तुम्ही मात्र आता मुंग्यांची वाट पाहत बसता, खरं का नाही?

चक्रसाधनेत जागा आधीच ठरलेली, कण्याच्या तळाशी मूलाधार, तिथून वर टाळूवरच्या सहस्रारापर्यंत, तिथं मन मुद्दाम लावायचं, मंत्र असतो, श्वास धरायचा असतो. तिला मी खोटी म्हणत नाही, आपल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं, म्हणजे कण्याच्या तळाशी निजलेल्या शक्तीचं, केवढं वर्णन आहे, पण तिथंही आधी आसन, बंध (म्हणजे अंग आवळून धरणं), सगळी तयारी येते, एकदम कपाळावर उडी नाही.

बुद्धांचं म्हणाल तर पाली सुत्तांत, म्हणजे त्यांच्या जुन्या उपदेशांत, चक्रांची साधना नाही. सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना (नुसतं दुखणं नाही, सुखाची-दुःखाची कोणतीही जाणीव), चित्त अन् धम्म (मनात उठणाऱ्या गोष्टी), एवढं पाहायला सांगितलं. बौद्धांमध्ये चक्रं आली ती बऱ्याच नंतर, वज्रयान या तांत्रिक पंथात, अन् त्याच्या हेवज्र तंत्र या ग्रंथात तर ती चारच आहेत, म्हणून सातच खरी असं कोणी भांडत असेल तर भांडू द्या. इंद्रधनुष्याचे सात रंग तर चक्रांना विसाव्या शतकात चिकटले. माळ घेऊ नका, तेवढ्यात युरियाच्या दोन बॅगा येतात.

करायचं काय, तर एकच पद्धत धरा, शिबिरातही बाकीच्या साधना बंद ठेवायला लावतात ते उगीच नाही. सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा असं तिथं सांगतात, पण रात्रीची लाईन असेल त्या आठवड्यात चारचा हट्ट सोडून सरळ झोपा, संध्याकाळी ढोरं बांधून झाली की बसा. अन् ध्यानात नसतानाही कपाळ जड राहत असेल तर बीपी अन् डोळे तपासून घ्या. माझंही मागे असंच झालं होतं, दोन महिने मी मनातल्या मनात खुश, अन् निघाला चष्म्याचा नंबर.