दादर, भिवंडी, वसई आणि उघडा पडलेला ३३८९ पोर्ट

म्हणजे टॅली दादरच्या पीसीवर, भिवंडीचं गोदाम आणि वसईचा गाळा तिथं रिमोट डेस्कटॉपने येतात, त्यासाठी राउटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं दार, उघडलाय, आणि तुम्ही विचारताय व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खाजगी, कुलूपबंद जोडणी) कुठलं घ्यावं.

व्हीपीएन नंतर. तो पोर्ट आजच बंद करा. दोन दिवस गोदामवाले फोनवर स्टॉक सांगतील. नंबर बदलून ३३९० केलात तरी फरक नाही, चाचपणारे सगळेच पोर्ट चाचपतात. एका गिऱ्हाइकाकडे विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला तर ४६२५च्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदी संपेचनात. अ‍ॅडमिन, टॅली, अकाउंट्स, रात्रभर एकेक नाव घालून बघितलेलं. पासवर्ड धड होता म्हणून निभावलं. दुसऱ्या गिऱ्हाइकाचा पासवर्ड होता दुकानाचं नाव आणि पुढे १२३, तिथं ते आत शिरले. त्याच्या फायली गेल्याच, बॅकअपही गेला, कारण पेनड्राइव्ह कायम त्याच पीसीला खोचलेला.

तिन्ही जागी वायरगार्ड (व्हीपीएनचा एक प्रकार) चालणारे राउटर घ्या. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमध्ये त्यांच्या राउटरओएस ७ या सॉफ्टवेअरपासून ते आहे. केबलवाला पीपीटीपी हे जुनं व्हीपीएन सुचवेल, ऐकू नका; ते २०१२ पासून फुटलेलंच आहे. स्थिर पब्लिक आयपी फक्त दादरला लागतो. बाकी दोघं सीजीनॅटमागे, म्हणजे इंटरनेट कंपनीने अनेक गिऱ्हाइकांत वाटलेल्या एकाच पब्लिक आयपीमागे, असले तरी तेच दादरला हाक मारतात. त्यांच्याकडे कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा ठोका) २५ सेकंद ठेवा, नाहीतर दादरहून गोदामात चलन छापायला जाल तेव्हा नेमका टनेल, म्हणजे व्हीपीएनची ही जोडणी, झोपलेला असेल.

खरी मेहनत आतल्या आयपी पत्त्यांची. तिन्हीकडे १९२.१६८.१ चीच मालिका असणार, आणि तसं असताना राउटरला कळणार कसं, कुठला प्रिंटर कुठला? दादर १०.१०.१, भिवंडी १०.१०.२, वसई १०.१०.३ करा. प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, हजेरीचं मशीन यांचे पत्ते हाताने बदलावे लागतात. एक रविवार त्यात जातो.

पिंग जातंय, म्हणजे पलीकडचं यंत्र हाकेला उत्तर देतंय, पण स्क्रीन काळी राहते, असं झालं तर टनेलचा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) १४१२ करून बघा. पीपीपीओई, म्हणजे राउटरमध्ये यूजरनेम-पासवर्ड घालून लागणाऱ्या, कनेक्शनवर बहुतेकदा तेच असतं. आणि टनेल झाला म्हणून सगळ्यांना सगळं उघडू नका: गोदामातून फक्त टॅलीचा पीसी दिसू दे.

भिवंडी आणि वसईच्या राउटरवरचा वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ मध्ये, म्हणजे सीजीनॅटच्या मालिकेत, बसतो का, तेवढं कळवा. दादरचा पब्लिक आयपी मात्र प्रश्नात तसाच टाकलाय, तो आधी खोडा.